मजकूर एकाचा, सही दुसऱ्याची

गेल्या श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, खानापूरकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले. मोडी वाचणारी माणसे आमच्या भागात आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांत माझे नाव त्यांना कोणीतरी सांगितले असावे. पिशवीतून त्यांनी दोन कागद काढले. एक जुना, पिवळा पडलेला, घड्यांवर फाटू लागलेला मोडी कागद. दुसरा आदल्याच दिवशी काढलेला शेताचा उतारा, कानडीतला, स्वच्छ पांढरा. गंमत अशी, की त्यांना काळजी होती ती नव्या कागदाची.

"सर, ह्यो उतारा काल काढून आणलो बघा. पन खाली सही न्हाई. गोल शिक्काबी न्हाई. पोरगा म्हनतो चालतंय. असला कागद कसा चालंल ओ?"

उताऱ्याच्या तळाशी, हा कागद डिजिटल सहीने दिला आहे अशा अर्थाची एक ओळ होती आणि शेजारी मुंग्या बसाव्यात तशी काळी चौकोनी नक्षी. मी त्यांना दोन वाक्यांत समजावून वाटेला लावू शकलो असतो. पण त्यांच्या प्रश्नाने मी थांबलो. माझ्या जन्माआधी हाच प्रश्न आमच्या घरात उलट्या बाजूने विचारला गेला होता. त्या कागदावर सही होती, अंगठाही होता. खोटा होता तो मजकूर.

*

माझ्या आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे आमची आत्याआजी, ऐन तिशीत विधवा झाली. मूलबाळ नव्हते. नवऱ्यामागे दीड एकर भातशेत तेवढे राहिले. १९३६ साली नात्यातल्याच एका गृहस्थाने बियाण्यासाठी तगाई मिळवून देतो असे सांगून स्टॅम्पच्या कोऱ्या कागदावर तिचा अंगठा घेतला. मजकूर मागाहून भरू, म्हणाला. साक्षीदार हवा म्हणून त्याच कागदावर आजोबांची सही घेतली. आजोबा कुलकर्ण्यांच्या घरातले, दप्तरात वाढलेले. पण मागणारा घरचा माणूस, अंगठा घरच्या बहिणीचा. त्यांनी सही केली.

दोन वर्षांनी त्या कागदावर आठशे रुपयांचा कर्जरोखा उभा राहिला. दावा झाला. कोर्टात आत्याआजीला विचारले, हा अंगठा तुझा का? ती म्हणाली, "अंगठा माझाच. पण वर लिहिलेलं माझं नाही." आजोबांना विचारले, ही सही तुमची का? ते म्हणाले, होय. सही केली तेव्हा कागद कोरा होता, हेही त्यांनी शपथेवर सांगितले. त्यावर समोरच्या वकिलाने एकच प्रश्न केला, "आपण कुलकर्णी. आपण कोऱ्या कागदावर सही करता?" आजोबांजवळ उत्तर नव्हते. कोर्टाने त्यांच्या तोंडापेक्षा त्यांच्या सहीवर विश्वास ठेवला. शेत लिलावात गेले. आत्याआजी उरलेले सारे आयुष्य आमच्या घरी राहिली आणि तिने आजोबांना एका शब्दाने कधी बोल लावला नाही. आजोबांना तेच सोसत नसे.

त्या गृहस्थांचे नाव मी लिहीत नाही. त्यांची नातवंडे बाजारात भेटली की आम्ही एकमेकांची खुशाली विचारतो.

मी तेरा वर्षांचा असताना, १९६१ साली, आजोबांनी मला मोडी शिकवायला घेतली. पहिल्या दिवशी अक्षर शिकवले नाही. एक नियम शिकवला. "शेवटच्या अक्षरापुढं जागा सोडायची नाही. आणि दुसऱ्याला भरता येईल अशा जागेखाली आपलं नाव घालायचं नाही." हा नियम किती जुना आहे, हे मला पुढे दप्तरे चाळताना कळले. वाचकहो, आज सांगणार आहे ते त्यातलेच.

*

कोणत्याही कागदाला दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, हा कोणाचा? दुसरा, तो जसा लिहिला तसाच आहे का? सही म्हटली की आपल्याला पहिलाच प्रश्न आठवतो. जुन्या लोकांना दुसराही तितकाच महत्त्वाचा वाटे.

आमच्या खानापूर तालुक्यातलेच हलशी घ्या. हीच प्राचीन पलाशिका, कदंबांची दुसरी राजधानी. तेथे सापडलेले कदंबांचे ताम्रपट जे. एफ. फ्लीट यांनी गेल्याच्या मागच्या शतकात वाचून प्रसिद्ध केले. ताम्रपट म्हणजे तांब्याचे अनेक पत्रे. त्यांच्या एका अंगाला भोक पाडून त्यातून कडी ओवायची आणि कडीच्या सांध्यावर राजमुद्रा ठोकायची, ही सर्वसाधारण रीत. मुद्रा राजाची, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर. आणि ती ठोकली कोठे? तर कडी जिथे मिटते तिथे. मुद्रा मोडल्याखेरीज कडी उघडत नाही, आणि कडी उघडल्याखेरीज मधला पत्रा बदलता येत नाही. म्हणजे एकाच ठोक्यात दोन्ही प्रश्नांची उत्तरे.

ताम्रपटाचा मजकूर राजा स्वतः कोरीत नसे. तो रचणारा वेगळा, कोरणारा वेगळा. मग राजाचा हात त्यात कसा आणावा? उत्तरेत बांसखेडा येथे सम्राट हर्षाचा इसवी सन ६२८ चा ताम्रपट सापडला. त्यात मजकुराच्या शेवटी, हा माझा स्वतःचा हात, अशा अर्थाच्या शब्दांसह हर्षाची सही आहे. वळणदार, नक्षीदार, बाकीच्या अक्षरांहून अगदी निराळी. सम्राटाने केलेली सही कारागिराने जशीच्या तशी तांब्यात उतरविली. आज आपण सहीचे चित्र घेऊन छापील पत्राखाली चिकटवितो तोच हा प्रकार, चौदाशे वर्षांपूर्वीचा.

*

आता आपल्या मराठी पत्राकडे येऊ. आज आपण पत्र टाइप करवून घेतो, खाली शाईने सही करतो, आणि मजकूर एकाचा व सही दुसऱ्याची ही यंत्रयुगाची रीत आहे असे समजतो. पण मराठेशाहीतले राजपत्र याहून वेगळे नव्हते. मजकूर कारकुनाच्या हातचा. शिवाजीमहाराजांच्या पत्रव्यवहाराची मदार बाळाजी आवजी चिटणिसांवर होती हे सर्वश्रुत आहे. पत्रावर महाराजांची नावनिशी सही आपण शोधू लागलो तर निराश होऊ. तिथे असते ती माथ्याशी संस्कृत मुद्रा. रांझ्याच्या पाटलाच्या प्रकरणातले १६४६ चे पत्र प्रसिद्ध आहे. त्याच्या माथ्यावर ती अष्टकोनी मुद्रा उमटलेली आहे.

पण खरी खुबी तळाशी. मजकूर संपला की शेवटच्या अक्षराला लागून दुसरा, लहान शिक्का उठवीत. शिवाजीमहाराजांच्या या शिक्क्यावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे आहेत. म्हणजे, ही मर्यादा येथे शोभते. पुढे पेशव्यांच्या पत्रांवर त्या जागी 'लेखनसीमा' हा शब्द येतो. याला म्हणत मोर्तब. लिहिणे येथे संपले. यापुढे कोणी एक अक्षर घातले तर ते आमचे नव्हे.

'शिक्कामोर्तब झाले' असे आपण रोज बोलतो आणि तो एकच शब्द समजतो. ते दोन शब्द आहेत आणि त्यांची कामेही दोन आहेत. शिक्का सांगतो कोणाचे. मोर्तब सांगते कोठवर. पत्र लांबले आणि कागदाला कागद जोडावा लागला, तर जोडावर पाठीमागून शिक्का उठवीत. अर्धा या कागदावर, अर्धा त्या कागदावर. ताम्रपटाच्या कडीचे काम आता हा सांध्यावरचा शिक्का करू लागला. शिवाय राज्याभिषेकानंतरच्या कारभारात सचिवाकडे कामच असे, की राजपत्रे तपासून त्यांतले अधिक-उणे अक्षर शुद्ध करावे. म्हणजे राजाचा शिक्का बसण्याआधी मजकूर वाचणारा एक जबाबदार माणूस मधे उभा होता.

आपण दोन भाषांच्या मुलखात राहतो, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. मराठीत आपण 'सही' म्हणतो. कानडी अर्जावर 'सही' असते, 'रुजु'ही असते. 'सही' हा मुळात अरबी शब्द. त्याचा अर्थ खरे, बरोबर. त्यात कोणाचे नाव नाही, कोणाचा हात नाही. वर लिहिले ते बरोबर आहे, एवढेच त्यात आहे. आणि 'रुजू'? मराठी दप्तरात रुजू करणे म्हणजे नकल मुळाशी ताडून पाहणे. हिशेब रुजू झाला म्हणजे जुळला. तोच शब्द कानडीत गेला आणि सहीचा वाचक झाला. म्हणजे आपल्या दोन्ही भाषांत जो शब्द आपण नावाच्या फर्राट्याला लावतो, तो मुळात मजकुराविषयी बोलतो. नाव नंतर आले.

*

इतकी काळजी घेऊनही एक भगदाड राहिलेच. मोर्तबाने शेवट बंद केला, सांध्यावरच्या शिक्क्याने जोड बंद केले. पण मजकुराच्या पोटातले एखादे अक्षर?

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय अवघे अठरा. राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या पत्रात 'धरावे' असे होते आणि आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले, ही कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. तिला इतिहास म्हणा, दंतकथा म्हणा; 'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार तिने मराठीला दिला. या कथेत सहीचा किंवा शिक्क्याचा खरेपणा कोणी नाकारीत नाही. पत्र दादासाहेबांचेच. एक अक्षर तेवढे त्यांचे नव्हे. आत्याआजी कोर्टात जे म्हणाली, तेच हे.

*

राजाकडे मुद्रा, कारकुनाकडे लेखणी. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते त्यांनी काय करावे? जुन्या महजरांवर गावकऱ्यांच्या नावांपुढे लहान लहान चित्रे दिसतात. पाटलापुढे नांगर, शेट्यापुढे तराजू. या निशाण्या. लिहिता येत नसले तरी माणूस स्वतःच्या धंद्याचे हत्यार काढी आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. इंग्रजी अमलातल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टनेही हे मान्य केले; लिहिता न येणाऱ्या माणसाची निशाणी ही सहीच, असे त्यात आहे.

पुढे नांगर गेला आणि अंगठा आला. त्याची कथा बंगालची. २८ जुलै १८५८ रोजी जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला. शिक्क्याची शाई त्याच्या तळव्याला फासून हर्शेलने कराराच्या पाठीवर पूर्ण पंजा उमटवून घेतला. कोनाईला लिहिता येत नव्हते म्हणून नव्हे. करार त्याने स्वतःच लिहिला होता. मागाहून त्याने सही नाकारू नये, त्याला थोडा धाक बसावा, एवढाच हेतू. १८७७ साली हर्शेलने हुगळी येथे पेन्शनच्या पावत्यांना आणि दस्तांना बोटांचे ठसे घेण्याची पद्धत सुरू केली. १८९७ साली कोलकात्यात ठशांची पहिली कचेरी निघाली. ठशांची वर्गवारी बसविण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता.

दोन माणसांचे ठसे सारखे नसतात, म्हणून अंगठा नाकारता येत नाही. आणि इथेच गरिबाचा घात झाला. अंगठ्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतके पक्के दिले, की दुसरा प्रश्न विचारायचे सगळे विसरले. नांगर काढायला निदान हातात लेखणी घ्यावी लागे, कागदाकडे पाहावे लागे. अंगठ्याला तेही नको. दुसऱ्याने हात धरला, शाईत बुडविला, टेकविला, संपले. कानडीत अंगठ्याला 'हेब्बेट्टू' म्हणतात आणि निरक्षर माणसालाही तोच शब्द लावतात. मराठीत आपण 'अंगठाबहाद्दर' म्हणतो. हसण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे, की त्या अंगठ्याने कधी खोटे सांगितले नाही. खोटे लिहिले ते लिहिता येणाऱ्यांनी.

*

मग टाइपरायटर आला आणि प्रश्न आणखी अवघड झाला. हातच्या पत्रात निदान अक्षर ओळखता येई. यंत्राच्या अक्षराला वळण नाही. सगळा मजकूर मुका. बोलते ती एकटी सही. म्हणून खरेदीखताच्या प्रत्येक पानावर सही घेण्याची आणि खाडाखोड झाली तर तिच्याशेजारी आद्याक्षरे घालण्याची पद्धत पडली. चेकवर रक्कम अक्षरी लिहून पुढे आपण 'फक्त' लिहितो आणि रेघ ओढतो. तो 'फक्त' म्हणजे पेशव्यांची लेखनसीमाच. आपण रोज मोर्तब करीत असतो. त्याचे नाव तेवढे विसरलो.

सहीसुद्धा छापता येऊ लागली. याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या खिशात आहे. रिझर्व्ह बँक १९३५ साली निघाली आणि १९३८ पासून तिच्या स्वतःच्या नोटा आल्या. त्यांवर गव्हर्नर टेलर यांची सही होती. पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांची सही मात्र कोणत्याच नोटेवर आली नाही. १९४३ साली चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि रायगड जिल्ह्यातल्या नाते गावच्या या माणसाची सही देशभर पसरली. त्या नोटांपैकी एकीवरही त्यांनी स्वतः हात ठेवलेला नाही. तरी ती सही खोटी नव्हे. नोटेवर आपण विश्वास ठेवतो तो शाईवर नव्हे. तिच्यामागे उभ्या असलेल्या बँकेवर, कागदातल्या जलचिन्हावर, क्रमांकावर. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरांची नसून अर्थखात्याच्या सचिवांची सही असते, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

छापील सहीचा धडा मला घरचाही आहे. १९७० नंतरची काही वर्षे मी एका दिवाळी अंकाच्या छपाईला हातभार लावीत असे. संपादकांची सही फोटो काढून जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने उतरवून घेतलेली होती आणि लाकडी ठोकळ्यावर ठोकलेली. संपादकीय जुळवून झाले की कंपॉझिटर तो ब्लॉक खाली बसवी. एका वर्षी अंकाला उशीर झाला. दिलगिरीचे निवेदन आम्हीच घाईत लिहिले, आमच्याच हाताने तो ब्लॉक खाली लावला आणि अंक छापला. संपादक परगावी होते. परत आल्यावर त्यांनी ते वाचले आणि शांतपणे म्हणाले, "दिलगिरी चांगली लिहिली आहे. पण मी दिलगीर नव्हतो." आम्ही सगळे हसलो. मला मात्र घरी जाताना आजोबा आठवले.

आता तर ब्लॉकचीही गरज नाही. सही कागदावर करावी, तिचे चित्र संगणकात घ्यावे आणि हव्या त्या पत्राखाली ठेवावे. हर्षाच्या कारागिराला जे दिवसभर लागले असेल ते क्षणात होते. पण चित्र ते चित्रच. एकदा दुसऱ्याच्या हाती गेले की ते कोणत्याही मजकुराखाली बसेल. कोऱ्या कागदावरच्या सहीत आणि त्यात फरक नाही.

*

म्हणूनच उताऱ्यावर जिला डिजिटल सही म्हटले आहे ती चित्राची सही नव्हे. दोन्ही गोष्टींत फार गोंधळ होतो, तेव्हा जमेल तितके सोपे करून सांगतो.

मजकूर संगणकात गेला की त्यातल्या प्रत्येक अक्षरावर, स्वल्पविरामावर, मोकळ्या जागेवरसुद्धा ठरावीक गणित करून एक आकडा काढतात. मजकूर एका ओळीचा असो की शंभर पानांचा, आकडा ठरावीक लांबीचाच. मजकुरात एक अक्षर बदलले की आकडा पार बदलतो. 'ध'चा 'मा' करून पाहा. दोन आकड्यांचे गोत्रसुद्धा जुळणार नाही. हा झाला मजकुराचा सारांश. आता सही करणाऱ्याकडे किल्ल्यांची जोडी असते. एक गुप्त, त्याच्याजवळची; दुसरी उघडी, जगाला दिलेली. गुप्त किल्लीने तो त्या आकड्यावर क्रिया करतो आणि जे निघते ते कागदासोबत जाते. तीच ही सही. वाचणारा उघड्या किल्लीने ती तपासतो आणि आकडा मजकुराशी ताडून पाहतो. जुळला, तर दोन गोष्टी एकदम सिद्ध होतात: सही त्याच किल्लीची आहे आणि मजकुराला कोणी हात लावलेला नाही. रुजू झाला!

किल्ल्यांच्या जोडीची ही कल्पना अमेरिकेतल्या डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडली. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती मोठ्या मूळ संख्यांच्या गणिताने प्रत्यक्षात आणली. त्यांचा निबंध १९७८ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि अशा सहीला शाईच्या सहीइतकेच बळ मिळाले. कर्नाटकात त्याच सुमारास 'भूमी' योजनेत जमिनीच्या नोंदी संगणकात गेल्या. तिच्यात गंमत अशी, की नोंदीत बदल करणाऱ्या अधिकाऱ्याला आधी यंत्रावर बोट ठेवून स्वतःची ओळख पटवावी लागे. शेतकऱ्याच्या बापजाद्यांनी साहेबापुढे अंगठे उठविले. आता साहेबाला उठवावा लागला. हे ऐकून माझे पाहुणे मनमुराद हसले.

माझ्या समजुतीने डिजिटल सही ही नावापुरती सही आहे. तिचे खरे गोत्र मोर्तबाशी. फरक इतकाच, की जुने मोर्तब शेवटच्या अक्षराला लागे आणि हे प्रत्येक अक्षराला लागते. 'ध'चा 'मा' करायला शिल्लक राहिलेले भगदाड अडीचशे वर्षांनी बुजले.

मग आत्याआजीचे शेत आज वाचले असते का? या प्रश्नाने मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. प्रामाणिक उत्तर असे, की वाचलेच असते असे म्हणवत नाही. गणित मजकूर राखते. सही करणाऱ्याने मजकूर वाचला होता का, हे त्याला कळत नाही. आणि गुप्त किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली तर तो कोरा कागदच झाला. एका कचेरीत मी साहेबांची किल्ली संगणकाला कायमची लावलेली आणि तिचा परवलीचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला पाहिला आहे. कारकून मुकाट्याने कागदामागून कागदावर साहेबांची सही करीत होता. आमच्या पिढीतली किती माणसे मोबाइलवर आलेला आकडा विचारणाऱ्याला सांगून टाकतात! मागणारा घरचा वाटतो, आवाज ओळखीचा वाटतो. आजोबांनाही तसाच वाटला होता.

*

पाहुण्यांना मी त्यांच्या मुलाला फोन करून बोलवायला सांगितले. तो आला. मोबाइल त्या चौकोनी नक्षीवर धरला. सरकारी नोंदीतला सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि खातेदाराचे नाव पडद्यावर आले. एकेक बाब हातातल्या कागदाशी ताडून पाहिली. जुळली. मग त्यांना सांगितले, "हा कागद म्हणजे नकल. सही आहे ती मुळावर, संगणकातल्या प्रतीवर. शंका आली की असं मुळाशी ताडून बघायचं."

"म्हंजे रुजू करायचं," ते म्हणाले. शब्द त्यांना ठाऊक होता.

जाताना मी त्यांचा मोडी कागद वाचून दाखविला. गावातल्या एका बांधाच्या वादाचा जुना महजर होता. खाली साक्षीदारांची नावे, आणि त्यांतल्या एका नावापुढे चार रेघांत काढलेला नांगर. आडनाव त्यांचेच. त्यांनी त्या नांगरावर बोट ठेवले आणि बराच वेळ काढले नाही.

या वर्षी मी माझे मृत्युपत्र लिहिले. माहिती तंत्रज्ञान कायद्याने मृत्युपत्राला डिजिटल सहीतून वगळले आहे. ते अजून कागदावर, सहीने आणि दोन साक्षीदारांसमोरच करावे लागते. साक्षीदारांनी मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. मी मात्र दोघांना तो मोठ्याने वाचून दाखविला, शेवटपर्यंत. मग शेवटच्या अक्षराला लागून सही केली. मधे जागा सोडली नाही.